साडेचार हजारांत पाच माणसांचा पोषक महिना

ताई, आपण कळवलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. घर सांगलीत आहे, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले यजमानांचे काम कमी झाले आहे आणि घरात आपण दोघे, सासूबाई, सहावीतली अकरा वर्षांची मुलगी आणि अंगणवाडीत जाणारा चार वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहेत. गॅस, औषधे आणि शाळेचा खर्च वजा जाता किराणा, दूध आणि भाजी यांसाठी महिन्याला साडेचार हजार रुपये हाती राहतात. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचे आहे. एवढ्या रकमेत मुलांचे पोषण नीट होईल का आणि त्यासाठी कोणत्या खर्चाला कात्री लावावी, असे आपण विचारले आहे.

पोषण होऊ शकते, परंतु सगळ्याच जिन्नसांना सारखी कात्री लावून ते होत नाही. पैसे कमी झाले की बहुतेक घरांत आमटी हळूहळू पातळ होत जाते, भाजीची पेंडी एकाऐवजी दोन दिवस पुरवली जाते, अंडी बंद होतात आणि चहा, साखर, बिस्किटे, तेल मात्र पूर्वीइतकेच येत राहते, कारण हे पदार्थ सवयीचे असतात आणि आमटी पातळ झाली तरी पोट भाताने भरतेच. पोट भरलेले असल्यामुळे उणीव लगेच जाणवत नाही. काही महिन्यांनी मुलाचे वजन वाढणे थांबते आणि मुलीला व आईला थकवा येऊ लागतो. म्हणून माझे सांगणे असे आहे की पगार हाती आला की पहिले पैसे डाळी, कडधान्ये आणि शेंगदाणे यांसाठी काढावेत, त्यानंतर पालेभाजी, दूध आणि अंडी यांसाठी ठेवावेत आणि उरलेल्या रकमेत बाकीचे सगळे बसवावे. धान्याची काळजी आपल्याला तुलनेने कमी आहे, ती अशी.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच जणांची नावे कार्डावर असतील तर तांदूळ आणि गहू मिळून २५ किलो धान्य आपल्या हक्काचे आहे. लहान मुलाचे नाव अजून चढवलेले नसेल तर ते काम आधी करावे, कारण तेवढ्यासाठी दरमहा ५ किलो धान्य जाते. पाच जणांच्या या घराला महिन्याला साधारण ३५ ते ३८ किलो धान्य लागेल असा माझा अंदाज आहे, म्हणजे दहा-बारा किलोच विकत घ्यावे लागेल.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदूळ आला असेल तर त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा रंगाला आणि आकाराला किंचित वेगळा दिसतो आणि काही वेळा पाण्यावर तरंगतो. तो प्लॅस्टिकचा आहे असे समजून अनेक घरांत निवडून टाकला जातो. प्रत्यक्षात तो तांदळाच्याच पिठाचा बनवलेला दाणा असून त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळलेले असते. तो मुळीच टाकू नये. तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुवावा आणि भात बेताच्या पाण्यात शिजवून पेज गाळून फेकणे टाळावे.

विकत घ्यायच्या दहा-बारा किलोंत मी शाळू (रब्बी ज्वारी) आणि नाचणी यांनाच जागा देईन. गहू आणि तांदूळ रेशनवर येतच आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतला शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा येतो. त्या दिवसांत दोन-तीन घरांनी मिळून पोते घेऊन वाटून घेतले तर किलोमागे काही रुपये वाचतात, आणि ऊन दाखवून कडुलिंबाच्या पाल्यासह कोरड्या डब्यात ठेवलेला शाळू चांगला टिकतो. नाचणी महिन्याला दोन किलो पुरे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दूध कमी घ्यावे लागणाऱ्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे. थंडीत बाजरी घ्यायची असेल तर थोडी थोडी दळून आणावी, कारण बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. कोणतेही पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नये.

आता प्रथिनांकडे वळू, कारण पैशाचा खरा कस इथे लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या पाच जणांची मिळून गरज दिवसाला साधारण १९५ ग्रॅम येते. कोणता पदार्थ स्वस्त, हे किलोच्या भावावरून ठरवू नये. १० ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात, ते पाहावे. समजा तूरडाळ किलोला १३० रुपये, मसूरडाळ ९०, हुलगे (कुळीथ) ८०, शेंगदाणे १३०, सोयाबीनच्या वड्या १२०, अंडे साडेसहा रुपयांना एक आणि दूध ५० रुपये लिटर असे भाव धरले, तर १० ग्रॅम प्रथिनांसाठी वड्यांना सव्वादोन, हुलग्यांना आणि मसुराला पावणेचारच्या आसपास, शेंगदाण्यांना साडेपाच, तूरडाळीला सहा, अंड्याला जवळपास अकरा आणि दुधाला साधारण साडेपंधरा रुपये पडतात. मुलांची उंची वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी माल्टची पावडर याच हिशेबाने पाहिली तर तीत प्रथिने थोडी आणि साखर पुष्कळ असल्याने ती दुधाहूनही बरीच महाग पडते. भाव आठवड्याला बदलतात, त्यामुळे आकडे आपल्या दुकानदाराच्या भावाने पुन्हा मांडावेत. हा क्रम मात्र सहसा फारसा बदलत नाही.

यावरून दूध आणि अंडी बंद करावीत असा अर्थ कृपया काढू नये. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून मिळत नाही, नैसर्गिक स्वरूपात ते दूध, दही, अंडी आणि मांस-मासे यांतूनच येते, आणि वाढीच्या वयात दुधा-अंड्याची प्रथिने शरीराला अधिक चांगली लागू पडतात. म्हणून रोजचे अर्धा लिटर दूध आणि महिन्याला ३० अंडी मी या अंदाजपत्रकात कायम ठेवते. फक्त ते दूध चहात घालवायचे नाही. त्यातले निम्मे मुलांना पिण्यासाठी द्यावे आणि निम्म्याचे विरजण लावावे, म्हणजे दही मुलांना मिळेल आणि ताकाने सगळ्यांचे जेवण पचेल.

तूरडाळीवरचा भर मात्र कमी करता येतो. आपल्याकडे रोजची आमटी म्हणजे तूरच, अशी सवय आहे. महिन्याला दोन किलो तूर, दोन किलो मसूर, दीड किलो हरभरा व हरभराडाळ, एक किलो हुलगे, एक किलो मटकी आणि अर्धा किलो चवळी किंवा मूग, असे आठ किलो वरच्यासारख्या भावांनी सुमारे ८०० रुपयांत बसते. आठ किलो म्हणजे दिवसाला साधारण २६० ग्रॅम. दुपारच्या उसळीला १२५ ग्रॅम कोरडे कडधान्य आणि रात्रीच्या आमटीला किंवा पिठल्याला तेवढीच डाळ अथवा पीठ, हे माप वाटीने एकदा ठरवून घ्यावे आणि आमटीत पाणी कितीही वाढवले तरी डाळीची वाटी कमी करू नये. धान्यातल्या प्रथिनांत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, डाळींत मेथिओनीन हा दुसरा घटक कमी असतो आणि दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी आणि उसळ, भात आणि आमटी या जोड्या म्हणून पौष्टिक ठरतात. नुसती भाकरी आणि मिरचीचा खर्डा खाऊन ते काम होत नाही.

हुलग्यांविषयी मला विशेष आस्था आहे. आपल्या दुष्काळी तालुक्यांनी पिढ्यान्पिढ्या या धान्यावर दिवस काढले आणि हल्ली ते केवळ गरिबीची खूण समजून मागे पडले आहे. त्यात तुरीइतकीच प्रथिने असतात आणि कॅल्शियम बहुतेक डाळींपेक्षा अधिक असते. हुलग्यांचे माडगे सासूबाईंना येत असेल, त्यांना ते करायला सांगावे. हुलगे भाजून, दळून ठेवलेले पीठ गूळ आणि पाणी घालून शिजवले की पाव तासात मुलाला गरम नाश्ता मिळतो. मोड आलेल्या हुलग्यांची उसळ, त्यांच्या पाण्याचा कट आणि शेंगोळे हे पदार्थ आलटून पालटून केले तर मुले कंटाळत नाहीत.

कडधान्य रात्रभर भिजवले तर गॅस वाचतो, आणि मोड आणले तर त्यातली लोह अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात आणि क जीवनसत्त्व तयार होते. उन्हाळ्यात पालेभाजी महागते तेव्हा मोडाची मूठभर कोशिंबीर हाच तिचा सर्वांत स्वस्त पर्याय असतो. लहान मुलाला आणि सासूबाईंना मात्र मोड वाफवून द्यावेत.

भाजीसाठी मी दिवसाला २५ रुपये धरले आहेत. पोषण संस्थेच्या २,००० कॅलरींच्या नमुना ताटात माणशी ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. या पैशात तेवढ्या येणार नाहीत, माणशी २०० ग्रॅमच्या आसपास येतील. म्हणूनच त्या दोनशे ग्रॅमची निवड नीट करावी लागते. फ्लॉवर, ढोबळी मिरची यांवर पैसे घालण्यापेक्षा आठवड्यातून किमान चार दिवस पालेभाजी घ्यावी: मेथी, चाकवत, अंबाडी, तांदळी, पोकळा, राजगिरा, शेपू, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला आणि करडई. आठवडी बाजार उठायच्या वेळी पेंडीचा भाव उतरतो, तेव्हा घेऊन त्याच रात्री निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाजी दोन दिवस चांगली राहते. हरभऱ्याचा पाला स्वस्त असताना सावलीत वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात मूठभर पाला पिठल्यात किंवा आमटीत पडतो. शेवग्याचे झाड आपल्या गल्लीत कोणाकडे तरी असेलच. लोक शेंगा उतरवून घेतात आणि पाला मागितला तर आनंदाने देतात. त्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा अंश भरपूर आहे. झुणक्यात, थालीपिठात तो सहज मिसळतो. पालक चांगला असला तरी त्यातले कॅल्शियम शरीराला फारसे लागत नाही, त्यामुळे कॅल्शियमसाठी केवळ त्याच्यावर अवलंबून राहू नये.

लोहाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि आपली मुलगी आता त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे. पाले, बाजरी, कडधान्ये, कारळे यांत लोह असते, परंतु ते एकटे असताना शरीरात थोडेच शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले की शोषण वाढते. ते शिजवल्याने पुष्कळसे नष्ट होते, म्हणून लिंबू ताटात वरून पिळावे, हिवाळ्यात आवळ्याची फोड द्यावी, स्वस्त असेल तेव्हा पेरू द्यावा आणि हे काहीच नसेल तेव्हा मोडाची कोशिंबीर आणि कच्ची कोबी तरी असावी. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा लोहाचे शोषण अडवतो, तेव्हा जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. या सवयीला पैसे लागत नाहीत आणि तिचा उपयोग अनेक महागड्या टॉनिकांपेक्षा अधिक होतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलगी खरोखर घेते का, हेही तिला विचारावे. पोटात मळमळते म्हणून अनेक मुली ती टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास सहसा कमी होतो.

शेंगदाणे महिन्याला दीड किलो, आणि जवस, कारळे, तीळ मिळून अर्धा किलो असावेत. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी हे सांगलीच्या ताटाचे मोठे धन आहे. मूठभर चटणीने तेलाची फोडणी कमी करता येते, कोरड्या भाकरीला चव येते आणि चांगली स्निग्ध द्रव्ये, प्रथिने, कॅल्शियम ही सगळी त्यातून मिळतात. तेल तीन लिटरांवर थांबवावे आणि ते पाकीटबंदच घ्यावे. आठवड्याला पाऊण लिटरच्या खाली तेल एका वेगळ्या बाटलीत ओतून ठेवले आणि ती संपेपर्यंत दुसरे काढले नाही, तर महिनाअखेर उधारी करावी लागत नाही.

हिशेब असा जुळतो. दहा किलो शाळूचे ४५०, नाचणीचे ९०, डाळी-कडधान्यांचे ८००, शेंगदाण्यांचे १९५, अर्धा किलो वड्यांचे ६०, जवस-कारळे-तिळाचे १००, तेलाचे ४५०, अंड्यांचे १९५, दुधाचे ७५०, भाजीचे ७५०, गूळ, साखर, चहा, मीठ, मसाला यांचे मिळून ३६५ आणि दळणाचे २००, अशी बेरीज ४,४०५ रुपये होते. प्रथिने दिवसाला २०० ग्रॅमच्या थोडी वर जातात, म्हणजे गरज भागते. गणपती पेठेत महिन्याचा किराणा एकदम घेतल्यास गल्लीतल्या सुट्ट्या पुड्यांपेक्षा तो स्वस्त पडतो. पगार आठवड्याला मिळत असेल आणि एकदम घेणे जमत नसेल, तर निदान डाळी तरी शेजारणीबरोबर वाटून घ्याव्यात. उरलेले ९५ रुपये फळांना ठेवावेत, मुलांच्या कुरकुऱ्यांच्या पुड्यांना नाही. पावसाळ्यात मात्र एक वेगळी काळजी घ्यावी: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचा बाजार बंद पडला होता, त्यामुळे जूनमध्येच दहा दिवसांची डाळ आणि धान्य उंच फळीवर बंद डब्यात ठेवावे.

रोजचे ताट कसे दिसेल, हेही सांगते. सकाळी मुलांना नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे किंवा पालेभाजी घातलेले थालीपीठ द्यावे. दुपारी भाकरी, उसळ, पालेभाजी, चटणी आणि ताक असावे. रात्री भात आणि घट्ट आमटी, किंवा भाकरी आणि झुणका, किंवा मसूरडाळीची खिचडी करावी. आठवड्यातून दोनदा उसळीच्या ऐवजी बटाट्याबरोबर सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करावा. वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून घेतल्या की त्यांचा उग्र वास जातो. सासूबाईंना भाकरी चावत नसेल तर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून द्याव्यात, पण वय झाले म्हणून त्यांची डाळ कमी करू नये, कारण उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिने लागतातच. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गूळ, लोणचे आणि पापड यांबाबत त्यांच्या डॉक्टरांचे सांगणे पाळावे.

मुलांना बाहेर जे मिळते ते पूर्ण घ्यावे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शालेय पोषण आहारात दिवसाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने देण्याचे प्रमाण ठरलेले आहे, आणि या वयाच्या मुलीची प्रथिनांची एकूण गरज सुमारे ३३ ग्रॅम आहे, म्हणजे हे जेवण किती मोलाचे आहे ते लक्षात येईल. ती लाजेखातर डबा नेत असेल तर तिच्याशी बोलावे. मुलाला अंगणवाडीत गरम आहार मिळतो. तो खाऊन आला म्हणून घरचे जेवण मात्र कमी करू नये. चार वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खायला लागते, आणि जेवणाआधी पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा गेला की त्याची भूक मरते. दोन मुलांचे रोज दोन पुडे म्हणजे महिन्याला ३०० रुपये होतात, आणि तेवढ्यात ४६ अंडी येतात. त्या जागी भाजलेले शेंगदाणे-गूळ, फुटाणे किंवा कमी तेलातला घरचा भडंग ठेवावा. लहान मुलाला शेंगदाणे आणि फुटाणे नेहमी कुटून द्यावेत, अख्खे घशात अडकू शकतात.

आता आपल्याबद्दल. सर्वांचे जेवण झाल्यावर पातेल्यात जे राहील ते आईने खायचे, ही रीत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिची कोणी तक्रारही करत नाही. अशा घरांत भाकरी उरते आणि उसळ संपलेली असते. वर मांडलेला सगळा हिशेब पाच ताटांचा आहे, चार ताटांचा नाही. म्हणून वाढायला सुरुवात करण्यापूर्वी पाच वाट्यांत उसळ किंवा आमटी काढून ठेवावी आणि आपली वाटी झाकून बाजूला ठेवावी. आठवड्याच्या सात अंड्यांपैकी तीन-तीन मुलांना द्यावीत आणि सातवे आपण खावे. मुलगी आणि मुलगा यांच्या ताटात दुधाचा किंवा अंड्याचा फरक करू नये. किंबहुना पुढची दोन-तीन वर्षे मुलीच्या झपाट्याच्या वाढीची असल्याने तिची गरज अधिक आहे.

या पद्धतीने दोन-तीन महिने चालल्यावर मुलाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला मोजून घ्यावे आणि त्यांच्या तक्त्यावर रेषा वर जाते आहे ना, हे स्वतः पाहावे. वजन सलग दोन महिने वाढले नाही, किंवा मुलगी व आपण चढ चढताना धापा टाकत असाल, तर केवळ आहारावर थांबू नये. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण एकदा रक्त बरेच उतरले की ते अन्नाने लवकर भरून येत नाही आणि गोळ्यांचा पूर्ण क्रम घ्यावा लागतो. मुलांना सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळीही तेथूनच मिळते.